लाखाचा पेन अन् शाळेतला शाईपेन

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत महागड्या फाउंटन पेनांवर अर्धं पान आलं होतं. भाव कसे चढले, शौकीन लोक कसे नंबर लावून बसलेत, अन् शेवटी एक चौकट की असा पेन घेणं म्हणजे आता गुंतवणूकच समजा. ती चौकट वाचली अन् राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. मी तहसीलसमोर टेबल टाकून बसणारा अर्जनवीस. फेरफारच्या हरकतीपासून निराधारच्या अर्जापर्यंत सगळं लिहून देतो, आता बरंचसं काम सेतूवाल्याकडं गेलं, पण हातानं लिहिलेला कागद घेऊन साहेबांपुढं उभं राहायला ज्यांना बरं वाटतं असे म्हातारेकोतारे अजून येतात अन् माझा शाईपेन अजून खिशात आहे. म्हणून पेनाबद्दल बोलायचा थोडाफार हक्क माझाही आहे असं मी धरून चालतो.

आधीच सांगतो, महाग पेनाशी माझं काही वैर नाही. माझा भाचा पुण्याला आयटीत आहे, त्याला हा नाद लागला, दिवाळीला गावी आला की डबा उघडून बसतो अन् एकेक पेन माझ्या हातात देतो, मामा हा लिहून पाहा, मामा तो लिहून पाहा. जर्मनीचा, जपानचा, एक इटलीचाही होता. लिहून पाहिले सगळे. काही खरंच इतके गुळगुळीत चालतात की जोर लावायची आपली सवयच वाया गेल्यासारखी वाटते, ओळ संपते तरी हात थांबत नाही. चांगल्याला चांगलं म्हणायला आपलं काय जातं. पण त्याच डब्यातला एक मोठा काळा पेन दाखवून तो म्हणाला की मी घेतला तेव्हापासून हा वीसेक हजारांनी वाढला, अन् हे सांगताना त्याच्या तोंडावर दुःख नव्हतं, आनंद होता. तिथंच मला काहीतरी खटकलं. कापूस वाढला तर विकणारा खुश होतो हे समजतं, इथं तर घेणाराच खुश.

आता तुमच्या लेखातली कारणं घेऊ. पहिलं कारण सोन्याचं. निब सोन्याची असते, सोनं महागलं, म्हणून पेन महागला. ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशेब करून पाहा. निबीवर 585 कोरलं असलं तर ती 14 कॅरेट अन् 750 असलं तर 18 कॅरेट, म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोनं, बाकी दुसरे धातू. मोठ्यातली मोठी निब घेतली तरी वजन एखाद्या ग्रॅमच्या आगेमागेच, लहान निबा तर त्याच्या निम्म्याही भरत नाहीत. 2019 मध्ये तोळा 35 हजारांच्या आसपास होता, म्हणजे तेव्हा ग्रॅमभराच्या 18 कॅरेट निबीत सोनं होतं अडीच-पावणेतीन हजारांचं. एप्रिल 2025 मध्ये तोळा 1 लाखाला टेकला, म्हणजे त्याच निबीत सोनं झालं साडेसात हजारांचं. फरक पाच हजारांचा. सोनं पुढं आणखी चढलं, धरा आणखी दोन-तीन हजार. मग बाकीचे दहा-बारा हजार कुठून आले भाऊ? अन् ज्या पेनांना स्टीलची निब आहे, ज्यात सोन्याचा कण नाही, वरून नुसतं पाणी दिलेलं, ते काऊन वाढले? तुमच्या लेखात याचं उत्तर नाही.

आणखी एक, जे सोनाराला माहीत असतं पण पेनाच्या शोरूममध्ये सांगत नाहीत. कागदाला टेकतो तो ठिपका सोन्याचा नसतोच. सोनं मऊ, कागदावर घासून झिजून जाईल, म्हणून टोकाला इरिडियमच्या जातीच्या टणक मिश्रधातूचा बारीकसा मणी बसवतात, लिहितो तो मणी. चांगल्या स्टीलच्या निबीलाही तसाच मणी असतो. सोन्याची निब आली तीच मुळात जुन्या शाईपायी, ती निळी-काळी शाई आम्लाची असायची अन् साध्या लोखंडाला खाऊन टाकायची, सोन्याला तिचं काही होत नसे. आता स्टेनलेस स्टील आलं, शाया पण सौम्य झाल्या. सोन्याच्या निबीत जरा लवचीकपणा येतो म्हणतात, काहींमध्ये मला जाणवलाही, पण काही सोन्याच्या निबा खिळ्यासारख्या कडक निघाल्या हेही सांगायला पाहिजे.

दुसरं कारण रुपयाचं. हे खरं आहे पण अर्धंच. 2014 मध्ये डॉलर 60 रुपयांच्या घरात होता, 2025 मध्ये 85 च्या वर गेला, बाहेरून येणारी वस्तू महागणारच, पेन असो की खताचं पोतं. पण मग जपानकडं पाहा. 2020-21 मध्ये डॉलरला 105-110 येन मिळत होते, 2024 मध्ये 150 च्या पलीकडे गेले, म्हणजे येन आपल्या रुपयापेक्षाही जास्त घसरला. त्या हिशेबानं जपानी पेन आपल्याला स्वस्त पडायला पाहिजे होते की नाही? झालं उलटं. तिथल्या कंपन्यांनी त्यांच्या घरीच भाव वाढवले, एकदा वाढवून थांबल्या नाहीत, पुन्हा वाढवले. रुपया बिचारा उगाच बदनाम.

तिसरं कारण कारागिरीचं. इथं मी जरा नरम पडतो. जपानात माकी-ए नावाचं काम असतं, उरुशी झाडाच्या चिकाचे थर पेनावर चढवायचे, ओल्या थरावर सोन्याची भुकटी पेरून चित्र काढायचं, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा थर. एका पेनाला महिने जातात. भाच्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, म्हातारा कारागीर भिंगातून पाहत केसाएवढी बारीक एक एक रेघ काढत होता. त्याचे त्यानं लाख मागितले काय अन् पाच लाख मागितले काय, हातानं काम करणाऱ्या माणसाचं मोल मी कोण ठरवणार. पण दुकानातले बहुतेक महाग पेन असे नसतात. साच्यातून निघालेला काळा पेन, ज्याच्या मालाला कंपनी प्रेशस रेझिन म्हणते, ते शेवटी प्लास्टिकच आहे, चांगल्या जातीचं असेल, चकाकतं, पण प्लास्टिक. निबांचं तर आणखी गमतीचं. जर्मनीत बॉक अन् जोवो नावाचे दोन कारखाने आहेत, कितीतरी नावाजलेल्या ब्रँडच्या पेनांत निब यांचीच असते, वरची नक्षी अन् नाव फक्त त्या ब्रँडचं. आपल्या दक्षिणेत लेथवर हातानं इबोनाइटचे, म्हणजे कडक केलेल्या रबराचे, पेन करणारे कारागीर आहेत ते पण याच निबा मागवून बसवतात, अन् त्यांचा पेन काही हजारांत येतो. निब तीच, कारागीर इथला, हातानं केलेला, तरी स्वस्त. अन् साच्यातला महाग.

मग वाढलं काय? वाढलं ते नाव. मोंब्लांचंच घ्या, कारण चौकटीत तोच फोटो होता. कंपनी हॅम्बर्गची, माइस्टरश्टुक नावाचा पेन 1924 मध्ये काढला, त्यातला तो जाडा 149 नंबरचा 1952 पासून आहे अन् दिसायला अजून जवळपास तसाच आहे. निबीवर 4810 कोरतात, ती मोंब्लां डोंगराची उंची मीटरमध्ये. जपानच्या प्लॅटिनम कंपनीनं फुजी डोंगराचा 3776 आकडा घेतला. (आमच्या चिखलदऱ्याची उंची कोरून अजून कोणी पेन काढला नाही, काढला तर पहिला मी घेईन, परवडला तर.) सांगायचं हे की सत्तर वर्षं जुन्या डिझाइनवर कंपनीला नवीन डोकं किंवा नवीन पैसा काही फार लावावा लागत नसणार. पण ही कंपनी आता रिशमाँ या ग्रुपकडे आहे, ज्यांच्याकडे कार्तिएसारखे दागिने अन् लाखोंची घड्याळं आहेत. घड्याळाच्या अन् हिऱ्याच्या शेजारी पेन मांडला की त्याचा भाव दौतीशेजारी मांडलेल्या पेनासारखा ठरत नाही. तिथं भाव वाढवणं हीच जाहिरात. स्वस्त केला तर गिऱ्हाइकच नाराज होईल, माझा भाचा सगळ्यात आधी.

आता आमच्या जिल्ह्याची गोष्ट, जी तुमच्या लेखात यायलाच पाहिजे होती. 2009 मध्ये याच कंपनीनं गांधीजींच्या नावाचा पेन काढला होता. दांडीयात्रा 241 मैलांची म्हणून पेन 241, पांढऱ्या सोन्याची घडण, भाव अकरा लाखांच्या वर. एका पेनाचा. ज्या माणसानं पेन्सिलीचा तुकडा संपेपर्यंत वापरला अन् पाकिटाची कोरी बाजू वाया जाऊ दिली नाही त्याच्या नावानं. कंपनीनं गांधीजींच्या नावाच्या संस्थेला देणगी पण दिली म्हणे, तो भाग चांगलाच. पण लोक चिडले, केरळच्या हायकोर्टात प्रकरण गेलं अन् भारतातली विक्री थांबवावी लागली. सेवाग्रामच्या कुटीत मी पोट्टेपणी शाळेच्या सहलीत गेलो होतो अन् नंतरही पाहुण्यांना घेऊन जातच असतो, तिथली चटई अन् लिहायचं छोटं मेज ज्यानं पाहिलं त्याला अकरा लाखांच्या पेनावर हसावं की काय करावं हे समजणार नाही.

पण गांधीजींचा खरा पेन वेगळाच आहे अन् त्याचा वर्ध्याशी संबंध आहे. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम नावाच्या गृहस्थांनी 1932 च्या सुमारास स्वदेशी पेन करायला सुरुवात केली. गांधीजी तेव्हा विदेशी पेन वापरायला तयार नव्हते, त्यांना पूर्ण इथंच तयार झालेला पेन पाहिजे होता. रत्नम यांनी खटपट करून पेन तयार केला अन् तो ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांच्या हातून गांधीजींकडे पोचला. हा ग्रामोद्योग संघ म्हणजे आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीतला, सेवाग्रामला राहायला जायच्या आधी बापू तिथंच होते. जुलै 1935 मध्ये त्यांनी रत्नम यांना आभाराचं पत्र लिहिलं की पेन वापरून पाहिला, बाजारातल्या विदेशी पेनांना चांगला पर्याय वाटतो. पाहा साहेब, पेनाचं इतकं नेमकं परीक्षण, ना गुंतवणूक ना स्टेटस. वापरून पाहिला, चालतो. अन् ते दुकान राजमहेंद्रीला अजून आहे, इबोनाइटचे पेन अजून होतात. मगनवाडीत आजही मगन संग्रहालय आहे, तुमच्या जिल्हा वार्ताहराला पाठवायला बसचं तिकीट फार नाही लागत.

महाराष्ट्राचं म्हणाल तर दांडेकरांनी 1931 मध्ये मुंबईत शाईच्या पुड्या अन् गोळ्यांपासून धंदा सुरू केला, घोडा छाप, मग उंटाची शाई आली अन् त्यातूनच कॅमलिन उभी राहिली. आमच्या पिढीच्या खाकी दप्तरांना लागलेले निळे डाग बहुतेक त्यांचेच. 2011 मध्ये तिचा ताबा जपानच्या कोकुयो कंपनीकडं गेला, तरी शाई तालुक्याच्या दुकानात मिळत होती. मिळत होती म्हणतो कारण आता जनरल स्टोअरवाल्याला शाईची दौत मागितली तर तो आधी माझ्याकडं पाहतो अन् मग फळीवरच्या धुळीत हात घालतो.

गुंतवणुकीवर येतो. गुंतवणूक म्हणजे पाहिजे तेव्हा विकता आली पाहिजे. रोज वापरायचा, कंपनी दरवर्षी हजारोंनी काढते तो पेन शोरूमच्या बाहेर पडला की जुना झाला, विकायला गेला तर छापील किमतीच्या बराच खाली जातो. हे मला भाच्यानंच सांगितलं, त्यानं दोन विकून पाहिलेत. मोजकेच काढलेले, नंबर टाकलेले काही पेन वाढतात, पण ते डबीतून बाहेर काढायचे नाहीत, शाई भरायची नाही, बिल जपायचं. म्हणजे पेन घ्यायचा अन् लिहायचं नाही. असल्या पेनाला कपाटात ठेवून काय पूजा करायची? अन् चुकून हातातून पडला तर? भाच्याचा एक पडला, निब वाकली, कंपनीकडं पाठवला तर कितीतरी महिने गेले अन् दुरुस्तीच्या बिलात आमच्या इकडचे चांगले दहा-पंधरा शाईपेन आले असते. पूर्वी आठवडी बाजारात घड्याळवाल्याच्या बाजूला पेन दुरुस्त करणारा बसायचा, निब बदलायची, आतली जीभ घासून द्यायची, टोपणाची क्लिप घट्ट करायची, सगळं उभ्या उभ्या. तो माणूसही गेला अन् ती जागा आता मोबाइल कव्हरवाल्याची आहे.

तुमचा वाचक गावखेड्यातला पण आहे म्हणून एक आकडा देतो. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये क्विंटल. लाखाचा पेन म्हणजे अठरा-एकोणीस क्विंटल सोयाबीन, तेही हमीभावानं विकलं गेलं तर, बाजारात काय भाव पडतो ते तुमच्याच पेपरात रोज छापून येतं. बरं साल असलं तर अडीच-तीन एकराचं पीक एका पेनात गेलं. ज्यानं घेतला त्यानं आपल्या कमाईतून घेतला, मला त्याचा हेवा नाही. पण ज्या घरात हा पेपर वाचून झाला की त्यावर शेवया वाळत घालतात तिथं गुंतवणुकीची चौकट कोणासाठी छापली हे मला समजलं नाही.

महागाईच लिहायची होती तर शाळेतल्या शाईपेनाची लिहायची. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर, रंगखडू या सगळ्यांवरचा जीएसटी शून्य झाला, चांगलं झालं, तुम्ही पहिल्या पानावर छापलं. पण पेनावर 18 टक्के आहे तो आहेच. शाईवर आधी 12 होता तो जुलै 2022 मध्ये 18 केला, तोही तसाच. म्हणजे पेन्सिलीनं लिहिणारं पोट्टं माफ, अन् पाचवीत जाऊन पेन हातात घेतला की कर चालू. त्यातही गंमत अशी की लाखाच्या पेनावर 18 टक्के अन् शाळेच्या चाळीस-पन्नास रुपयांच्या शाईपेनावर पण 18 टक्केच. लाखवाल्याला त्याचं काही वाटत नाही, उलट बिल जितकं मोठं तितका फोटो चांगला. आमच्या शेजारच्या गावच्या झेडपी शाळेत एक मास्तर आहेत, त्यांनी पोरांना हट्टानं शाईपेन लावला, म्हणतात बॉलपेननं पोरं कागद खोदतात, शाईपेनला हात हलका ठेवावाच लागतो. वर्षभरात अक्षरं सुधारली, मी स्वतः वह्या पाहिल्या. शाई ते स्वतःच्या पगारातून आणतात, मोठी बाटली, अन् सकाळी परिपाठ झाला की ड्रॉपर घेऊन बाकाबाकावर फिरतात. पोरं रांगेत टोपण उघडून उभी. सगळ्यांची बोटं निळी.

तर साहेब मागणी इतकीच. एक, पेनाला गुंतवणूक म्हणणारी चौकट पुन्हा छापू नका, छापली तर जुना पेन विकायला गेल्यावर काय मिळतं तेही छापा. दुसरं, जीएसटी कौन्सिलची पुढची बैठक असेल तेव्हा तुमच्या दिल्लीच्या माणसाला विचारायला लावा की वही माफ अन् त्या वहीत लिहायची शाई माफ काऊन नाही. वाटलं तर सीमा ठेवा, अमुक किमतीच्या आतला शाईपेन अन् शाई शून्यावर, वरच्याला घ्या 18 काय 40 काय, नंबर लावून बसलेले लोक त्यानं हटणार नाहीत.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. कापायचं असलं तर भाच्याचं कापा, तो तसाही पेपर मोबाइलवर वाचतो. जीएसटीचं राहू द्या.

आपला नियमित वाचक,
एक अर्जनवीस
ता. आर्वी, जि. वर्धा